खरेदीची यादी, व्हाया पाबे घाट

सेकंडहँड मोटारसायकल घेतली की पहिला खर्च कशावर करायचा, याबद्दल पुण्यात ज्यांच्याकडे मोटारसायकल नाही त्यांचंही मत ठाम असतं. भाच्याने जुनी हीरो एक्सपल्स 200 घेतली आणि दोन दिवसांत सगळ्या सोसायटीचा सल्ला देऊन झाला. वॉचमनकाका म्हणाले, हॉर्न बदला. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणाले, आधी खालून गंजरोधक मारून घ्या. ताई म्हणाली, आधी ती गाडी विक. शेवटी तडजोड निघाली. भाच्याने खरेदीची यादी करायची, पण पैसे सुटण्याआधी मामाने गाडीवर बसून एकदा लांबचा फेरा मारून यायचं. मामा म्हणजे मी. बसायचं अर्थातच मागे.

यादी मी पाहिली. फॉग लाइट, ॲल्युमिनियमच्या पेट्या, उंच विंडशील्ड, हँडल वर उचलणारे रायझर, मोबाइलचा होल्डर, कॅमेऱ्याचा होल्डर, आवाजाचा सायलेन्सर आणि शेवटी कंसात 'स्टिकर, मोठे'. यादीमागे शिस्त होती. एकूण एक वस्तू फोटोत दिसणारी. ब्रेकचे पॅड फोटोत येत नाहीत, म्हणून ते यादीतही आले नव्हते.

पोराचा अभ्यास मात्र दांडगा. पोहे संपायच्या आत त्याने मला ऐकवलं की डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष, साल 2015. एक्सपल्स 200 बाजारात आली 2019 मध्ये. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18. पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा, सीटची उंची 823 मिलिमीटर. पुढे आलेल्या रॅली एडिशनची सीट तर 885. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. "ते नंतर बघू, मामा," तो म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी आमच्या मिस्त्रींकडे नेली. हे गृहस्थ बोलत नाहीत, बोटाने दाखवतात. मागच्या स्प्रॉकेटवर बसलेली चेन त्यांनी चिमटीत धरून मागे ओढली. चेन उचलली गेली आणि खालचा दात निम्मा उघडा पडला. दात एकाच बाजूला झिजून आकड्यासारखे वळलेले. मग इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल एका बोटाने फिरवलं. ते बरोब्बर मध्यावर येऊन 'टक्' करून अडकलं. कोनसेट गेला. सरळ रस्त्यावर वर्षानुवर्षं धक्के खाऊन बेअरिंगच्या वाटीत खड्डा पडतो, मग हँडलला मधेच थांबायची सवय लागते. शेवटी टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसून त्यांनी अंडाकृती चौकटीतले चार आकडे दाखवले : 2319. म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडीच्या जन्मापासूनचा टायर, खाचा दिसायला शिल्लक, पण रबर नखाने दाबलं तर दबेना.

"चेनसेट, कोनसेट, पॅड, टायर," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच.

"आणि फॉग लाइट?" भाचा.

"कुठं निघालाय?"

"मढे घाट."

"रात्री?"

"नाही, दिवसा."

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

चेनसेट, कोनसेट आणि पॅड नाना पेठेत तासाभरात मिळाले, संध्याकाळपर्यंत बसले. टायरचे पैसे मात्र भाच्याने फॉग लाइटसाठी राखून ठेवले.

रविवारी पहाटे निघालो. पुढे 190 आणि मागे 170 मिलिमीटर खाली-वर होणारं सस्पेन्शन नेमकं कशासाठी असतं, ते कळायला वाळवंटात जावं लागत नाही. सिंहगड रस्ता पुरतो. खडकवासल्याच्या भिंतीपाशी चौपाटीवर कणसंवाले नुकते शेगड्या पेटवत होते. खानापूरला वडापाव झाला आणि डावीकडे रांजण्याच्या वाटेला लागलो. ऑक्टोबरमध्ये पाबे घाटाच्या दोन्ही अंगांना सोनकी पिवळीधमक फुललेली असते आणि मागच्या सीटवरच्या माणसाला ती पाहायला भरपूर वेळ मिळतो, कारण पुढच्याला वळणावर टायरचा भरवसा नसतो.

घाटात एके ठिकाणी डांबर संपून खडी सुरू झाली तसा भाचा फूटपेगवर उभा राहिला. रॅलीत उभे राहतात तसा. म्हणजे पाय रॅलीतले होते, पाठ मात्र अंगणात सडा घालणाऱ्या माणसाची. "बघ मामा, म्हणून रायझर लागतात," तो कण्हत म्हणाला. मी गाडी थांबवायला लावली. हँडल ज्या पट्ट्यांत धरलेलं असतं त्यांचे चार बोल्ट ॲलन कीने सैल केले, हँडल थोडं पुढे फिरवलं, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर जरा खाली झुकवले, बोल्ट पुन्हा आवळले. उभं राहिल्यावर मनगट आणि कोपर एका रेषेत यायला हवेत, एवढंच बघायचं. पोरगा पुन्हा उभा राहिला आणि बराच वेळ खाली बसलाच नाही. मला समोरचं दिसेनासं झालं, पण रायझर यादीतून गेले. खर्च शून्य.

सायलेन्सरवर घाटमाथ्यावर चर्चा झाली. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्याने कानावर घेतलं नाही. पुण्यात पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवलाय, हे मात्र त्याने स्वतः मोबाइलवर पाहिलं होतं. सायलेन्सर कटला.

वेल्ह्याला पोचलो. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण रस्त्यावर ज्याला विचाराल तो वेल्हेच म्हणतो. डोक्यावर तोरणा, खाली कापणीला आलेलं भात. केळदच्या वाटेवर पासलीच्या पुढे पुढचं चाक अचानक लडबडलं. बाभळीचा काटा, त्यात सहा वर्षांचं टणक रबर.

आता हत्यारं. गाडीच्या मूळ टूलकिटच्या पाकिटात आधीच्या मालकाने एक पेट्रोलची पावती आणि एक बडीशेपेची पुडी ठेवली होती. भाच्याच्या पाठीवरच्या भारी पिशवीत ॲलन की होत्या, कॅमेरा होता, कॅमेऱ्याच्या तीन बॅटऱ्या होत्या आणि उडवायचं ड्रोन होतं. आम्ही ड्रोनकडे पाहत उभे असताना मागून दुधाचे कॅन लटकवलेली एक स्प्लेंडर आली आणि थांबली.

"काय झालं, पाव्हणं?"

दादांनी उतरून चाक पाहिलं. मग स्वतःच्या सीटखालून पाने, दोन चपटे लिव्हर, सोल्युशनची ट्यूब, पॅच आणि कॅनच्या मागे बांधलेला हातपंप काढला. गाडीला मधला स्टँड नाही म्हटल्यावर आम्हाला दगड आणायला पिटाळलं आणि इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यालाच तो टेकू दिला. त्या पत्र्याचं कौतुक भाच्याने मला कितीदा तरी ऐकवलं होतं. त्यावर पहिला दगड लागताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

ट्यूब बाहेर आली तर तिच्यावर आधीचीच तीन ठिगळं. दादा चौथं लावता लावता म्हणाले, "ही एकवीसची. हिकडं सतरा-अठराची मिळंल, एकवीसची कुठं मिळायची? एक जवळ ठिवा. मागं पंक्चर झाली तरी चालती की घडीभर." हे खरं आहे. 21 इंची ट्यूब अडीअडचणीला 18 इंची टायरात ढकलून गावापर्यंत येता येतं, उलटं मात्र जमत नाही.

भाच्याने आदराने विचारलं, "दादा, तुम्ही गाडीत पहिल्यांदा काय बदललंत?"

दादांनी स्प्लेंडरकडे बोट केलं. मागे जाड नक्षीचा नवा टायर. जादा भार पेलणारे शॉकअप. वेल्डिंग करून जोडलेलं कॅरिअर, त्याचा एक पाइप वाकून पुन्हा सरळ केलेला. क्लचच्या केबलला चिकटपट्टीने बांधलेली दुसरी केबल, तुटली की तिथल्या तिथे जोडायची. स्टिकर म्हणाल तर एकच होता, डेअरीचा. पैसे ते घेईनात. शेवटी भाच्याने ड्रोन उडवून त्यांच्या भाताच्या खाचरांचा व्हिडिओ काढून दिला, त्यावर मात्र ते खूश झाले. बांध शेजाऱ्याने किती सरकवलाय ते वरून स्वच्छ दिसत होतं.

मढे घाट पाहिला. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने कोकणात उमरठला नेला असं सांगतात. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं आणि माणसाचं बोलणं आपोआप कमी होतं. भाच्याचं तरी झालं.

परतीला वेल्ह्यात पिठलं-भाकरी मागवली आणि त्याने बिलाच्या पाठीवर नवी यादी लिहिली. दोन्ही टायर, अर्धे रस्त्याचे, अर्धे मातीचे. 21 इंची ट्यूब, लिव्हर, पंप, पॅच. क्लचची जादा केबल. लिव्हर वाचवणारे धातूच्या कण्याचे हँडगार्ड. ॲल्युमिनियमच्या पेट्यांऐवजी कापडी पिशव्या, कारण गाडी आडवी पडली की पाय पेटीखाली सापडतो आणि आम्ही परतताना चिखलात एकदा आडवे पडलोच. शिल्लक उरली तर रुंद फूटपेग. मोबाइलचा होल्डर मी मंजूर केला, कारण पाबे घाटाचा फाटा चुकला असता तर जेवण पानशेतला झालं असतं. 'स्टिकर, मोठे' खोडून 'लहान' केलं होतं.

फॉग लाइट अजून आलेले नाहीत. ताईने टायरचं बिल पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. तुमच्या दारात अशी जुनी गाडी नव्याने आली असेल तर दुकानात जाण्याआधी एवढं करा : टायरच्या कडेला तो चार आकडी शिक्का शोधा, शेवटचे दोन आकडे वाचा आणि मग ठरवा, दिवे घ्यायचे की टायर.