वडाभातातील वड्याचे पोषणमूल्य : एक अल्पप्रबंध

जर्मन माणूस खिमा, भिजवलेला शिळा पाव, अंडे आणि कांदा एकत्र मळतो, चपटे गोळे थापतो, तव्यावर दोन्ही अंगांनी खरपूस करतो आणि मोहरीच्या चटणीशी खातो. याला फ्रिकाडेले म्हणतात. याचे पोषणमूल्य काढणे हे कारकुनी काम आहे, कारण ताटात किती आले आणि किती संपले हे डोळ्यांना दिसते.

प्रस्तुत प्रबंधाचा विषय इतका सरळ नाही. क्षेत्र : नागपूर-अमरावती रस्त्यावरचे, संत्र्यांच्या मुलखातले कारंजा (घाडगे). लाडांचे कारंजा वाशिम जिल्ह्यात. तिकडच्या विद्वानांनी उगाच हक्क सांगू नये.

चणा, तूर, मूग, उडीद या डाळी भिजवून, लसूण-मिरची-जिऱ्यासह जाडसर वाटून, चपटे थापून तळल्या की वडा सिद्ध होतो. कोरड्या डाळीत शंभर ग्रॅममागे साधारण 22 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे आकड्यात खिम्याला ती हार जात नाही. पण भिजल्यावर डाळीचे वजन जवळपास दुप्पट होते आणि प्रथिने होती तेवढीच राहतात. शाकाहारी पक्ष ही गोष्ट सभेत सांगत नाही. उलट, डाळीत मिथिओनिन कमी आणि भातात लायसिन कमी, तेव्हा दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात, ही बाब तो अवश्य सांगतो. ती खरीही आहे.

इथवर शास्त्र चालते. मग वडा भातावर कुस्करला जातो आणि पुरावा नष्ट होतो. कुस्करलेले वडे दोन की पाच, हे जेवणारालाही ठरवता येत नाही. आमच्या मते कुस्करण्याची प्रथा याचसाठी पडली असावी. त्यावर मोहरी-हिंग-लाल मिरचीच्या फोडणीचे गरम तेल येते. 15 मिलिलिटर तेलात सुमारे 120 किलोकॅलरी असतात. परंतु पळीचे माप घरोघरी वेगळे, आणि “भात कोरडा लागते न भाऊ, घ्या न जी” या वाक्यानंतर पडलेली पळी कोणीच मोजत नाही. ती वाढणाऱ्याच्या खाती जाते असा सार्वत्रिक समज आहे.

वडे कुस्करण्याआधीच परातीत मोजावेत, अशी एक सूचना पुढे आली. ती टिकली नाही. कढईतून निघालेले पहिले काही वडे कच्च्या कांद्यासोबत, मीठ बरोबर आहे का हे पाहण्यासाठी, परातीत पोचण्याआधीच संपतात, आणि मीठ एकदा बघून कोणाचे समाधान होत नाही.