दोष अंगठ्याचा

पोर्टल बंद पडलं की मंत्रालयात विलक्षण शांतता पसरते. कालपर्यंत ज्यांच्या फोटोशिवाय त्या पोर्टलचं पान उघडत नव्हतं, ते सगळे एका रात्रीत संगणकनिरक्षर होतात.

आठवा 2017. जूनमध्ये कर्जमाफी जाहीर झाली. 34 हजार 22 कोटी रुपये, 89 लाख शेतकरी, दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ. आकडे प्रत्येक मंत्र्याला तोंडपाठ. योजनेला नाव थेट छत्रपतींचं, म्हणजे बोट दाखवणाऱ्याचीच पंचाईत.

मग अट आली, अर्ज ऑनलाइनच. का? तर 2008 च्या कर्जमाफीत भलं बँकांचं झालं, शेतकऱ्याचं नाही, असा सरकारचा दावा होता. आता संगणक दूध का दूध, पानी का पानी करणार होता.

नवरा-बायको दोघांनी यायचं, आधार आणायचं, अंगठा लावायचा. सर्व्हर झोपलेला, रांग जागी. अंगठाही उमटेना. जन्मभर माती उपसून बोटांवरच्या रेषा पुसल्या, हा अर्थातच शेतकऱ्याचा दोष!

मुदत वाढली. रांगही.

18 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, समारंभपूर्वक प्रमाणपत्रं वाटली गेली. हसरे फोटो छापून आले. फोटोतला शेतकरी घरी गेला, बँकेत गेला, आणि कर्ज होतं तिथंच होतं. प्रमाणपत्र मात्र छान होतं.

याद्या तपासल्या तर एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी. आता उत्तर कोण देणार?

सहकार खात्याने आयटीकडे पाहिलं. आयटीने बँकांकडे पाहिलं. सरकारने सांगितलं, बँकांनी चुकीची माहिती दिली. पुन्हा वाचा. ज्या बँकांवर विश्वास नाही म्हणून पोर्टल आणलं, त्याच बँकांवर विश्वास ठेवल्यामुळे पोर्टल फसलं. एवढं गोल उत्तर द्यायला आयएएसच व्हावं लागतं.

आयटीच्या प्रधान सचिवांची खुर्ची बदलली. आयटी तेव्हा सामान्य प्रशासन विभागाचा भाग होता, आणि ते खातं मुख्यमंत्र्यांकडे होतं. तिथवर मात्र कुणाची नजर वर गेली नाही. मान दुखते म्हणे.

यथावकाश माफीची रक्कम 20 हजार कोटींच्या आतच थांबली. जाहीर आकडा आणि दिलेला आकडा यांच्यामधली वजाबाकी कुठल्या पोर्टलवर दिसते? पात्र असून राहून गेलेले शेतकरी उच्च न्यायालयात गेले. सरकारचा संगणक चालेना, म्हणून खर्च करून वकील लावायचा, तोही कर्जबाजारी माणसाने. याला डिजिटल सक्षमीकरण म्हणत असतील.

तंत्रज्ञान वाईट आहे का? मुळीच नाही. भलतंच हुशार आहे. कधी चालायचं आणि कधी बसकण मारायची, हे त्याला बरोबर कळतं.

पुरावा हवा? 2024 घ्या. विधानसभा तोंडावर होती. ‘लाडकी बहीण’ योजनेची घोषणा जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये दोन हप्ते खात्यात. कोट्यवधी खाती, आणि पैसे कसे सुर्रकन गेले. पुरुषांच्याही खात्यात गेले! तेव्हा चाळणी लावायची घाई कुणाला नव्हती. मतदान व्हायचं होतं.

मतदान झालं, सरकार आलं, तिजोरीत डोकावून झालं. मग 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्याच राज्यात ओटीपी येईनासा झाला. तांत्रिक अडचण असल्याचं मंत्र्यांनीही मान्य केलं. मान्य करायला काही लागत नाही, ती अडचण कुणाच्या नावावर नसते. पैसे देताना चुकलं तर बहीण बोगस. ओटीपी आला नाही तर नेटवर्क.

आणि ओटीपी तरी कुणाचा? बहिणीचा तर हवाच, शिवाय पती किंवा वडिलांच्या आधारवरचा. दोघंही हयात नसलेल्या बाईने काय करायचं, हा प्रश्न गावातल्या कुठल्याही अंगणवाडी सेविकेने पहिल्याच मिनिटाला विचारला असता. पण तिला विचारायचं कुणी?

सोय नंतर झाली. तो पहिला फॉर्म कुणी मंजूर केला, हे मात्र शोधायला जाऊ नका. फायलीवर सगळ्यांच्या सह्या असतील आणि प्रत्येक सहीच्या वर एकच शेरा, ‘कृपया चर्चा करावी’.