चावत नाही, भेटतो

आमच्या दारात आलेला प्रत्येक माणूस आत पाऊल टाकण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "कुत्रा चावत नाही ना?" या प्रश्नाला मी आजवर कायम खरं उत्तर देत आलोय. नाही चावत. पोळी, पनीर, सोफ्याचा डावा हात आणि एक वीजबिल यांखेरीज आमच्या टिल्लूने आयुष्यात कशालाही दात लावलेला नाही. पण लोक प्रश्नच भलता विचारतात, त्याला मी काय करणार? विचारायला हवं ते हे, की ३४ किलोंचा लॅब्राडोर मागच्या दोन पायांवर उभा राहिला की त्याचे पुढचे पंजे माझ्या अंगावर नेमके कुठे टेकतील? त्याचंही उत्तर माझ्यापाशी तयार आहे. उंच माणसाच्या खिशावर, मध्यम माणसाच्या खांद्यावर आणि सासूबाईंच्या चष्म्यावर.

शेवटी मी दारावर पाटी लावली : 'कुत्रा चावत नाही. भेटतो.' पुण्यात पाटी लावली की निम्मं काम झालं अशी आपली समजूत असते. पाटीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, लोकांनी हसरे चेहरे टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून कुरिअरवाला पार्सल परस्पर वॉचमनकडे ठेवून जायला लागला. कुत्र्याने पाटी वाचलीच नाही.

टिल्लू हे नाव त्याला चपलांच्या खोक्यात मावत होता तेव्हा मिळालं. तेव्हा तो पायाशी येऊन दोन पायांवर उभा राहायचा आणि आमचं अख्खं घर "अगं बाई, बघ कसा उभा राहिलाय!" म्हणत कॅमेरा शोधायचं. त्याने पुढेही तेच केलं. फक्त मधल्या काळात तो वाढला.

या जातीचं मूळ कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावरचं. तिथल्या कोळ्यांची ही कुत्री. बर्फासारख्या गार पाण्यात उड्या टाकायच्या, जाळ्यातून निसटलेले मासे पकडून आणायचे, दोर ओढून आणायचे, असा यांचा दिनक्रम. एकोणिसाव्या शतकात इंग्रज उमरावांनी ती आपल्याकडे नेली, मारलेले पक्षी उचलून आणायला लावली आणि १९०३ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्राडोर रिट्रीव्हर ही जात म्हणून मान्य केली. असा हा प्राणी आपण आणून कोथरूडच्या टू-बीएचकेत ठेवतो. त्याच्या अंगात भरलेल्या अटलांटिक महासागराचं काय करायचं, हे बिल्डरने नकाशा काढताना विचारात घेतलेलं नसतं. मी त्याला पहाटे वेताळ टेकडीवर नेतो. परत येईपर्यंत मी संपलेला असतो आणि टिल्लूचं वॉर्म-अप झालेलं असतं.

आता, तो उड्या का मारतो? तर प्रेमाने, असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण या प्रेमाला पोटाचा इतिहास आहे. लांडग्यांची पिल्लं शिकारीहून परतलेल्या मोठ्यांच्या तोंडाला तोंड लावतात, जबडा चाटतात. मग मोठी जनावरं पोटातलं मांस ओकून त्यांना देतात. कुत्र्याने लांडगेपणा सोडला तरी घरी परतणाऱ्याचं तोंड गाठायची ही रीत सोडली नाही. पंचाईत एवढीच, की माणसाने आपलं तोंड जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर नेऊन ठेवलंय. तिथवर पोचायला उडी मारण्यावाचून गत्यंतर नाही. सासूबाई एखाद्या लग्नात जेवून आल्या की टिल्लूचा उत्साह दुप्पट का होतो, यामागे असं शास्त्र आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उपाय सुचवणारे मात्र उदंड भेटले. कोणी म्हणालं, छातीत गुडघा घाल. कोणी म्हणालं, मागचे पंजे तुडव. कुत्र्याला दुखवून त्याला माणसांची भीती बसवायची आणि मग तो खरोखरच चावायला लागला की आश्चर्य करायचं, अशी ही जुनी परंपरा आहे. बी-विंगमधल्या व्यायामपटू तरुणाने मला पार्किंगमध्ये बाजूला घेऊन सांगितलं, "काका, तुम्ही घरातले अल्फा नाही आहात. त्याला तेच कळलंय." हे माझ्या बायकोने ऐकलं आणि तिला त्यात कुत्र्याचा संबंध कुठे आला ते कळेना.

या अल्फाची गोष्ट गमतीची आहे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने १९४७ साली प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकाच आवारात डांबलेल्या त्या लांडग्यांत वरचढ कोण यावरून सतत चुरस चाले. तिथून कळपाचा हुकूमशहा ही कल्पना निघाली आणि कुत्र्यांच्या मालकांच्या डोक्यात जाऊन बसली. पुढे डेव्हिड मीच या अमेरिकी अभ्यासकाने, ज्याच्याच पुस्तकाने ही कल्पना घरोघरी पोचवली होती, १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. म्हणजे ज्याला आपण इतकी वर्षं अल्फा समजत होतो, तो नुसता बाप निघाला! बापाचं घरात किती चालतं हे मला ठाऊक असल्याने मी तो नाद तिथेच सोडला.

मग कंबरेला खाऊची पिशवी बांधून स्कूटीवरून एक ट्रेनर ताई आल्या. वय जेमतेम पंचविशीचं, आवाज हळू. टिल्लूने त्यांच्यावर झेप घेतली. ताईंनी हाताची घडी घातली, त्याच्याकडे पाठ केली आणि समोरच्या कॅलेंडरवरची संकष्टी वाचत उभ्या राहिल्या. टिल्लू पुढून आला, त्या पुन्हा फिरल्या. तो बावचळला आणि त्याचे चारही पाय जमिनीला लागले. लागले रे लागले, की ताईंच्या हातून पनीरचा तुकडा त्याच्या नाकाखाली, अगदी फरशीलगत. वरून दिला तर तो घ्यायला पुन्हा वरच येणार.

"बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही ओरडता ना, त्याला ते कौतुक वाटतं. ढकलता ना, त्याला ती मस्ती वाटते."

यामागचा नियम थॉर्नडाइक नावाच्या माणसाने १८९८ साली मांजरांना पेटीत बंद करून शोधला होता. ज्या कृतीनंतर बरं घडतं ती प्राणी पुन्हा करतो, जिच्यानंतर काहीच हाती लागत नाही ती हळूहळू सुटते. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. कारण सुटण्याआधी ती उसळून वर येते. लिफ्ट आली नाही की आपण बटण सोडून देत नाही, चार वेळा जोरजोरात दाबतो. टिल्लूने सुरुवातीला आम्हाला तसंच दाबलं. ताईंनी बजावलं होतं, नेमकं तेव्हाच घरातला कोणीतरी विरघळतो आणि कुत्रा शिकतो की कमी उड्यांनी भागत नाही, जास्त मारायला हव्यात.

आमच्या घरात विरघळायला आई होती. न बोलण्याचा नियम तिने मनापासून मान्य केला आणि टिल्लूला तो समजावून सांगायला घेतला. "हे बघ सोन्या, आजी आता तुझ्याशी बोलणार नाही हं. ताईंनी सांगितलंय ना? मुळीच बोलणार नाही. का मारतोस रे उड्या? आँ? सांग बरं आजीला. आता बोलणं बंद म्हणजे बंद." हे चालू असताना सोन्याचे दोन्ही पंजे आजीच्या खांद्यावर. मुलगा व्हिडिओ काढत होता. बायको स्वयंपाकघरातून "डाऊन! डाऊन!" ओरडत होती. ताईंच्या शिकवणुकीप्रमाणे याचा अर्थ आडवा हो असा होत असल्याने आज्ञाधारक कुत्र्याने तो पाळला असता तर आईसकट पाळावा लागला असता.

तरी आम्ही चिकाटी धरली. टिल्लूला बेल वाजली की दाराजवळच्या चटईवर जाऊन बसायला शिकवलं. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही, एवढं साधं त्यामागचं तत्त्व. पाहुणे आले की त्याच्या पट्ट्याच्या दोरीवर पाय देऊन उभं राहायचं, म्हणजे त्याला बसता येतं, उधळता येत नाही. खाऊचा तर प्रश्नच नव्हता. लॅब्राडोरच्या खादाडपणामागे एक जनुक असतं, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं. सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरांत त्यात बिघाड असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. टिल्लूचा निरोप तर पोस्टातच पडत नसावा. गाजराच्या चकतीसाठीसुद्धा तो तपश्चर्येला बसतो. दत्ताच्या पायाशी असतात तसा.

सगळं मार्गी लागत असताना कोल्हापूरहून मामा आले.

मामांचं शरीर तालमीतलं. खासबागच्या मैदानातल्या कुस्त्या पाहत मोठा झालेला माणूस. ते मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. दार उघडलं, टिल्लू चटईवर बसायला निघाला होता, पण मामांनी दोन्ही हात पसरून मांडीवर थाप मारली. "ये रं पठ्ठ्या! धर पट!" टिल्लूने जन्मभर याच निमंत्रणाची वाट पाहिली असावी. पुढच्या क्षणी मामा पाठीवर आणि टिल्लू त्यांच्या छातीवर. खालून मामांचा आनंदी आवाज आला, "लई ताकदीचं हाय बघा ह्ये! चितपट केलं की मला!"

मी ताईंचा नियम सांगायला गेलो. मामा म्हणाले, "मुकं जनावर हाय ओ. दारात आलेल्या माणसाकडं पाठ करायची, ही काय शिकवण झाली व्हय?"

कोल्हापूरच्या माणसाला हे पटवणं मला तरी अशक्य वाटतं. पाहुणा आला की त्याला पांढरा रस्सा दोनदा वाढल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, त्यांना दुर्लक्ष हे औषध कसं गळी उतरणार? आणि मामा येणार तीन-चार महिन्यांनी एकदा, न कळवता. ते तर फारच वाईट. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचं जाडजूड पुस्तक काढलं, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : नेमाने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीमधी, बेभरवशाने मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय जास्त चिवट असते. आमच्याकडे ते बक्षीस एसटीने यायचं.

त्या खेपेला मामांच्या हातातला डबाही पडला. मामींच्या हातचे रव्याचे लाडू, भरपूर बेदाणे घातलेले. बेदाणे, मनुके, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, म्हणून बायकोने टिल्लूच्या आधी झेप घेऊन डबा उचलला. "एका लाडवानं काय हुतंय?" मामा म्हणाले. त्या संध्याकाळी घरात कुत्र्यापेक्षा माणसं जास्त उडत होती.

यातून आम्हाला बाहेर काढलं ते तळमजल्यावरच्या काकांनी. त्यांना कुत्र्यांची आवड नाही. माणसांचीही आहे असा पुरावा नाही. एका बँकेच्या काउंटरमागे त्यांनी उभी हयात काढली, आणि समोर उभ्या असलेल्याचं अस्तित्व मान्य न करण्याची जी कला तिथे त्यांनी कमावली, ती ट्रेनर ताईंना अजून दहा वर्षं साधणार नाही. संध्याकाळी ते खालच्या बाकावर पेपर वाचत बसतात. टिल्लू त्यांच्यावर पहिल्यांदा झेपावला तेव्हा माझ्या हातून दोरीच सुटली होती. पंजे गुडघ्यांवर, जीभ पेपरच्या कडेला. काकांनी पान उलटलं. टिल्लू भुंकला. काकांनी अग्रलेख सुरू केला. टिल्लूने उजवीकडून अर्ज केला, डावीकडून केला, शेवटी थकून समोर मुकाट बसला. तेव्हा काका पेपर खाली न करता, चष्म्यावरून बघत म्हणाले,

"हं. बोला."

एवढंच. पण वेळ काय साधली! चार पाय जमिनीवर आणि त्याच क्षणी दखल. ताईंना मी हे सांगितलं तर त्या दुसऱ्या दिवशी बघायलाच आल्या आणि अर्धा तास वहीत काहीतरी टिपत उभ्या राहिल्या. काकांनी त्यांच्याकडेही पाहिलं नाही.

मी टिल्लूला रोज तिथे न्यायला लागलो. काकांनी कधी खाऊ दिला नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. तरी हा कुत्रा बाक दिसला की वेग कमी करायचा, समोर जाऊन ताठ बसायचा आणि त्या दोन शब्दांसाठी लाळ गाळायचा. जेवणाच्या सुट्टीत आलेल्या खातेदाराची अदब त्याच्या अंगी आली. मग वॉचमन, दूधवाला, सासूबाई, सगळ्यांसमोर तो बसू लागला. चष्म्याची काच फुटायची थांबली. कुरिअरवाला वर येऊ लागला.

गणपतीत आरतीला सोसायटी आमच्याकडे जमते. टाळ, झांजा, पन्नास माणसं, प्रसादाला मोदक. टिल्लू चटईवर बसून होता. मोदकांकडे बघत होता, पण बसून होता. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत, आरती संपल्याबरोबर पेपर उघडून. आणि बेल वाजली. मामा! न कळवता, अर्थातच.

"ये रं पठ्ठ्या!" मामांनी मांडीवर थाप मारली. टिल्लूचे कान उभे राहिले, शेपटी फरशीवर आपटायला लागली, पाठीतून एक लाट गेली. पण बूड हललं नाही.

मामांचा चेहरा उतरला. "आजारी हाय का ह्यो?" त्यांनी पुन्हा थाप मारली, पुन्हा हाक दिली. पन्नास माणसं बघत होती. उगाच उभं तरी किती राहायचं, म्हणून मामा वळले आणि कोपऱ्यातल्या काकांपुढे जाऊन मोठ्या आवाजात म्हणाले, "नमस्कार! आमी कोल्हापूरचं!"

काकांनी पान उलटलं.

मामांनी जोडलेले हात जरा वर नेले. "नमस्कार म्हटलं!"

काका क्रीडा पानावर पोचले. मामा उजवीकडे झाले, डावीकडे झाले, माझ्याकडे बघितलं, टिल्लूकडे बघितलं. शेवटी शेजारची खुर्ची ओढून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि गप बसले.

"हं," काका म्हणाले. "बोला."