राणीच्या नगरात वंगण

पुण्याहून दिल्लीला निघताना मेहुण्यांनी यादी केली होती: डिंकाचे लाडू, मच्छरदाणी, दोन बॅटऱ्या, आत्यासाठी आमसुलं. ग्रीस नव्हतं. जीपमागचा झोपायचा ट्रेलर त्यांनी स्वतः बांधून घेतलेला. 'कोरा करकरीत आहे,' असं ते टोलनाक्यावरही सांगत. त्याचा आस मात्र मुंबईच्या दारूखान्यातल्या भंगारातला, बोट वाहणाऱ्या कुठल्याशा विलायती ट्रेलरचा, हे मला ग्वाल्हेरला कळलं.

तिथे फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे हात जोडून परतलो, तर चाकापाशी करपट वास. मेहुणे म्हणाले, 'कुणीतरी शेंगदाणे भाजतंय.' पलवलला ते शेंगदाणे घुरघुरू लागले. मी डाव्या हबला बोट लावलं आणि त्यावर फुंकर घालतच दिल्लीत शिरलो. लक्ष्मीबाई नगरात आत्याच्या सरकारी क्वार्टरसमोर चाकाने मान टाकली. पानिपत व्हायला आम्हाला पुढचे ९० किलोमीटर जावं लागलं नाही.

आत्या जिन्यातूनच म्हणाली, 'वंगण नाही का घातलंत, पाहुणे?' ती साताऱ्याकडची. आमच्या आजोबांच्या बैलगाडीखाली एरंडेलाचा नळा टांगलेला असे. तो रिकामा असला तर गाडी वेशीबाहेर पडत नसे.

कोटला मुबारकपूरहून मेकॅनिक आला. उजव्या चाकाला विटा लावून त्याने डावं उचललं. टोपी, स्प्लिट पिन, नट निघाले आणि हब हातात आला. आत ग्रीसऐवजी तांबूस चिखल. बेअरिंगचे रोलर निळे पडलेले, म्हणजे चांगलेच तापलेले. 'अंकलजी, ये तो नहाया हुआ है!' बोटीचा ट्रेलर पाण्यात उतरतो, तापलेला हब थंड पडतो, आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आपला आस पूर्वजन्मी समुद्रस्नान करून आलाय, हे ऐकून मेहुण्यांना जरा अभिमानच वाटला.

नवं बेअरिंग काश्मिरी गेटला मिळणार होतं. आयएनएहून मेट्रो थेट जाते. जुनं बेअरिंग लाडवांच्या डब्यात घालून निघालो. तपासणीच्या यंत्रात डब्याच्या पोटात दातेरी चक्र दिसलं आणि जवानाने आम्हाला बाजूला घेतलं. मेहुण्यांनी त्याला लाडू दाखवला. त्यालाही ग्रीस लागलं होतं.

दुपारी आणलेलं बेअरिंग बाहेरच्या कपात छान बसलं. आसावर मात्र चढेना. आकड्याचा शेवट चुकला होता. एल ४४६४३ आणि एल ४४६४९, दोघांचा कप एकच, पण पहिल्याचं भोक एक इंचाचं आणि दुसऱ्याचं एक इंच आणि वर इंचाचा सोळावा भाग. 'थोडं ठोकून बघू,' असं मेहुणे म्हणाले. आत्याने त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली. पुन्हा मेट्रो, पुन्हा तोच जवान. या वेळी त्याने लाडूची चौकशी स्वतःहून केली.

निरुंद होत जाणाऱ्या रोलरचं हे बेअरिंग १८९८ साली पेटंट केलं ते हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या बग्ग्या बांधणाऱ्याने. म्हणजे तोही घोडागाडीतलाच. आत्याला तो लगेच आपला वाटला. ग्रीस भरायला तीच पुढे बसली. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, पलीकडून ग्रीसच्या शेवया बाहेर पडेपर्यंत. 'पुरण कडेपर्यंत गेलं पाहिजे,' असं ती मेकॅनिकला मराठीतच बजावत होती आणि तो 'हां जी, हां जी' करत होता. नवं सील तिच्या पाटाचा तुकडा वर ठेवून चहूकडून सारखं ठोकत बसवलं. ओठ आतल्या बाजूला.

शेवटी नट. मेहुणे लांब पाना घेऊन सर्व शक्तीनिशी सरसावले. मेकॅनिकने चाक फिरवत नट आवळला, मग सैल केला आणि नुसत्या बोटांनी बसवून पिन घातली. एवढ्याशा ताकदीवर पुण्यापर्यंत जायचं, हे मेहुण्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

निघताना आत्याने ट्रेलरखाली सुतळीने ग्रीसचा डबा टांगला. पलवलला चहासाठी थांबलो, तर मेहुणे चहाआधी चाकापाशी बसले, हबला हाताची पालथी बाजू लावली आणि मला खालूनच ओरडून सांगितलं, 'ताप उतरलाय!'