धर्माची गाय, पण गोठा विकतचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सांभाळ थांबवला आणि विंडोज ११ च्या दारात कडक राखण बसवली. टीपीएम २.० नावाची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आमच्याकडं सोयरीक जुळवताना लोक दोन-तीन पिढ्या बघून थांबतात, इथं थेट आठवी! सातव्या पिढीतले धडधाकट लॅपटॉप कुळाबाहेर पडले अन् जुन्या बाजारात आले. लिनक्सला मात्र कुणाची पिढी विचारायची सवय नाही. म्हटलं, आपली वेळ आली.

पण गेवराईत असली खरेदी एकट्यानं होत नसते. वीस हजारांच्या आत लिनक्ससाठी लॅपटॉप बघतोय, एवढं घरात फुटलं आणि मामा धोतर नेसून तयार. मामांची हयात हिरापूरच्या बाजारात बैल पारखण्यात गेली. लॅपटॉपला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. ही त्यांना अडचण वाटत नव्हती.

संभाजीनगरच्या एसटीत शहागडचा पूल येईपर्यंत त्यांनी मला सोलून काढलं.

“ह्ये लिनक्स केवढ्याला?”

“फुकट. १९९१ ला लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या पोरानं सुरू केलं, जगभरची माणसं त्यात भर घालतात.”

“मंग धर्माची गाय, दात का नाय म्हणायचं कारण न्हाई. पण गोठा आपुन पैशानं घ्यायलोत. त्येचे दात मोजायचे.”

गोठ्याला दात नसतात, हे सांगायला मी धजलो नाही.

दुकानातल्या पोरानं आधी नवाकोरा, पापडासारखा पातळ लॅपटॉप काढला. चार जीबी रॅम, तीही बोर्डावर सोल्डर केलेली. साठवण चौसष्ट जीबी ईएमएमसी, आणि यात पुढं एसएसडी टाकायचीही सोय नाही.

“म्हंजी वासरू हाय त्येवढंच ऱ्हाणार,” मामा म्हणाले.

मग एनव्हिडियाचं कार्ड असलेला एक आला. मी मामांना सांगितलं, की २०१२ साली आल्टो विद्यापीठात टॉरवाल्ड्सनं भर कार्यक्रमात या कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं.

“भावकी हाय का? मिटलं का नंतर?”

“बरंचसं. २०२२ ला त्यांनी ड्रायव्हरचा काही भाग खुला केला.”

“भावकीत बरंचसं मिटलं म्हंजी काईच मिटलेलं नसतंय. म्होरं चल.”

तिसरा थिंकपॅड टी४७०. सातवी पिढी, म्हणून भाव पडलेला. अंगावर ओरखडे, पण रॅमला दोन खाचा, वायफाय इंटेलचं. वायफायचं मी आवर्जून बघतो. काही ब्रॉडकॉम आणि रिअलटेक कार्डांचा ड्रायव्हर लिनक्समध्ये वेगळा उतरवावा लागतो, ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी तोच ड्रायव्हर. बॅटऱ्याही दोन, एक आत, एक मागून काढता येणारी. हे ऐकून मामा खुलले, “जोडी हाय की!” कीबोर्डच्या मधोमध लाल टिकली बघून तर त्यांनी लॅपटॉपला सौभाग्यवतीच ठरवलं.

मी खिशातून लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह काढला. यावरून अख्खं लिनक्स चालतं, आतल्या डिस्कला धक्का न लावता. पोरगं आडवं पडलं. “घेतल्याशिवाय लावू देत नाही, व्हायरस येतो.”

“आरं, औताला जुपल्याबिगर कुणी बैल घेतंय व्हय?” मामांचा आवाज फुटपाथपर्यंत गेला. तिथली चार माणसं आत आली. पेनड्राइव्ह लागला.

एफ१२ दाबून सुरू केला. वायफाय सापडलं, आवाज आला, कॅमेऱ्यात मामांची पगडी दिसली. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आतच होता, निवडला की चालू. मग मी झाकण लावलं. जुन्या लॅपटॉपची खरी परीक्षा इथं असते, झोपतात सगळे, उठत नाहीत. मामांनी झाकणावर हात ठेवून पाच मिनिटं कुणाला उघडू दिलं नाही. उघडलं तेव्हा तो तसाच जागा झाला.

“पण यात टॅली थेट चालणार नाही बरं का,” पोरगं म्हणालं. बोललं ते खरं होतं. जिनिंगचा किंवा आडतीचा हिशोब सांभाळणाऱ्यानं या फंदात पडू नये, गुमान विंडोज घ्यावं. मला लेख लिहायचे आणि मेल करायचे. लिब्रेऑफिसमध्ये ते आरामात होतं.

राहिला भाव. मामांनी खांद्यावरचं उपरणं पोराच्या हातावर टाकलं अन् आत त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. पोरगं पांढरंफटक. “काका, यूपीआय आहे की! स्कॅन करा.”

“स्कॅन भाचा करंल. तीन बोटं म्हंजी तीन कमी. समजलं का?”

पोराला बोटांतलं काही कळत नव्हतं, पण हात सुटत नव्हता. शेवटी दीड हजार कमी झाले.

“कासऱ्यासकट ना?” मामांनी विचारलं. पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, चार्जर. त्याचे वेगळे सहाशे लावायचा त्याचा विचार असावा, पण त्यानं उपरण्याकडं बघितलं आणि ड्रॉवर उघडला.