वळणसाधक

सायकल वळवण्याची विद्या अंगी उतरण्यापूर्वी जिभेवर उतरते, हे ज्याने वारंवार पडून सिद्ध केले आहे, तो वळणसाधक. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथील वाचकास त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. डोंगरी सायकल, म्हणजे जाड नक्षीचे टायर, पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी यंत्रणा आणि तबकडीचे ब्रेक असलेली सायकल, विकत घेऊन त्यास दोन महिने झालेले असतात. आणि अजिंठ्याची रांग जिल्ह्यातूनच जात असताना तिच्याकडे पाठ फिरवून तो रोज पहाटे गावाबाहेरच्या पांदणीतले एकच वळण गिरवतो. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगास धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या हद्दीवर, एक बाभूळ आहे.

त्याचे शास्त्र निर्दोष आहे, हे मान्य केले पाहिजे. टायरची जमिनीवरची पकड एका भाकरीसारखी असते. ब्रेकने मोठा तुकडा तोडला की वळणाच्या वाट्याला कोर उरते, म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा, बाहेरच्या बाजूचे पायडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा, अंगापेक्षा सायकल अधिक कलवावी आणि दृष्टी वळण संपते तिथे लावावी, कारण नजर जाते तिकडे सायकल जाते. हे शेवटचे सूत्र त्यास इतके प्रिय आहे की टपरीवर तो ते कपबश्या मांडून समजावतो, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर वरणाची रेघ ओढून आणि मिठाचा मुरूम पसरून समजावतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच सूत्र मोठ्याने म्हणत, बाभूळ जागेवर आहे ना याची एकदा खात्री करून घेत, बाभळीत जातो.

दोष तो बाभळीस देत नाही, हवेस देतो. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत दर चौरस इंचास 80 ते 100 पौंड दाब भरत आले असले, तरी डोंगरी सायकलीस साधारण 25 ते 30 पुरतो. आणि अंगठा दबेनासा होईपर्यंत हवा भरणे हेच ज्याचे ब्रीद, त्या पंक्चरवाल्यास ती सोडावयास सांगणे हा अपमान ठरतो. हवा कमी केली, बाभूळ, वाढवली, बाभूळ, पुढे काट्यांनीच तो प्रश्न परस्पर सोडवला. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातील ज्या उतारावर या खेळाच्या आरंभीच्या शर्यती झाल्या त्यास ‘रिपॅक’ म्हणत, कारण एका उतरणीत मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. हा दाखला वळणसाधक अभिमानाने देतो. ग्रीस जळण्याइतका वेग त्याने अद्याप पाहिलेला नाही.

शेळ्या वळणारी, म्हणजे राखणारी, एक म्हातारी त्या वाटेने जाते आणि त्या अर्थाने तीही वळणातली अधिकारीच होय. तिने सगळे शास्त्र एका वाक्यात आटोपले: “भाऊ, तुम्ही थ्या बाभयीकडं पायता काहून?” वळणसाधकाने हा प्रश्न गांभीर्याने घेतला, त्यावर टपरीवर दोन दिवस बोलला, आणि तिसऱ्या दिवशी बाभळीत गेला.

तथापि एक गोष्ट नाइलाजाने नोंदवणे भाग आहे. धुऱ्याच्या मालकाने ती बाभूळ तोडून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा यानेच त्यास थांबवले. चाळिशी उलटल्यावर, शाळेला निघालेल्या पोरांसमोर रोज पडून, कपडे झटकून पुन्हा वळणाच्या तोंडाशी जाऊन उभे राहणारी माणसे गावात फार नाहीत. बहुतेकांनी नवे काही शिकणे केव्हाच सोडलेले असते, आणि तरीही हसतात ते यालाच.

पाऊस लागला की काळी माती चाकांना लपेटते आणि पांदण सायकलीस बंद होते. त्याआधीच्या अखेरच्या कोरड्या पहाटे चाकाची एक रेघ बाभळीपासून दोन हात दूर राहून, न अडखळता, पलीकडे वळून गेलेली होती. पाहणारे कोणी नव्हते, आणि दुपारपर्यंत शेळ्यांच्या खुरांनी ती पुसून टाकली.