आधी पत्ते उघडणारे

दलालाला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकणाऱ्या माणसाला आपल्याकडे मूर्ख म्हणतात. बजेट किती, घर कुणासाठी, घाई किती, याआधी कुणाकुणाकडे विचारलं, काही म्हणून तो लपवत नाही. घरमालकाचा नंबर हाती लागला तरी परस्पर फोन करत नाही. भर उन्हात दलालाच्या गाळ्यावर जाऊन बसतो, चहा पितो आणि पत्ता न मागताच परत येतो. या मूर्खांची बाजू मांडायला मी बसले आहे. पुण्यात मी परगावच्या आणि परदेशातल्या लोकांसाठी घरं शोधते, आणि माझ्या हातून लोकांना जी चांगली घरं मिळाली, ती याच मूर्खपणामुळे मिळाली.

सुरुवात मी शहाण्यासारखी केली होती. एक नेटका मजकूर तयार केला : दोन बेडरूम, कोथरूड किंवा कर्वेनगर, कार्पेट साडेसहाशेच्या पुढे, इमारतीची ओसी हवी, कृपया पूर्ण पत्ता, मजला, फोटो आणि शेवटची किंमत पाठवावी. एका सकाळी हा मजकूर चाळीस दलालांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. बहुतेकांनी वाचला, निळ्या खुणा दिसत होत्या. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली तीन. दोघांनी 'कॉल करा' एवढंच लिहिलं होतं आणि तिसऱ्याने जोडलेले हात पाठवले होते. मी दुसऱ्या दिवशी आठवण केली, तिसऱ्या दिवशी पुन्हा केली, तेव्हा काहींनी मला ब्लॉक केलं. दलाल आळशी असतात, त्यांना धंदा नको असतो, असं मी त्या आठवड्यात घरी चार वेळा तरी म्हणाले असेन. मी त्यांच्यावर अन्याय करत होते. तो कसा, हे मला एका फळीवरच्या किल्ल्यांनी दाखवलं.

कर्वेनगरातला एक गाळा. अर्धं शटर, एक टेबल, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मागच्या भिंतीवर प्लायवूडची फळी. फळीवर खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला किल्ली. साठ-सत्तर तरी असतील. प्रत्येक किल्लीला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा दोऱ्याने बांधलेला, त्यावर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं. मी सहज वाचायला लागले. एकावर 'आंबा', दुसऱ्यावर 'पोस्टमन', तिसऱ्यावर 'गॅलरी, कुत्रा'. इमारतीचं नाव कुठेच नाही, फ्लॅट नंबर नाही. मी विचारलं, "काका, यातलं कुठलं कुठलं, लक्षात कसं राहतं?"

"मला राहतं," ते म्हणाले. "दुसऱ्याला कळू नये म्हणून तर असं लिहायचं. पत्ता सांगितला की माझ्याकडे काय उरतं, ताई?"

माझ्या चाळीस संदेशांचं उत्तर मला तिथे मिळालं. वाण्याने साखर दाखवली तरी साखर त्याच्याच पोत्यात राहते. दलालाचा माल दाखवला की संपला. कुठलं घर रिकामं आहे, मालक कशासाठी विकतोय, तो किती खाली येईल, एवढीच त्याची पुंजी, आणि ती एकदा तोंडातून गेली की परत घेता येत नाही. मी मात्र पहिल्याच ओळीत पूर्ण पत्ता आणि शेवटची किंमत मागितली होती. म्हणजे ओळखपाळख नसताना त्याच्या गल्ल्यात हात घातला होता. त्यात अशी विचारणा करणारे बरेचदा स्वतःच दलाल असतात, 'डायरेक्ट पार्टी' आहे असं भासवून माहिती काढतात आणि दुपारपर्यंत तेच घर आपल्या नावाने फिरवतात. एका घरामागे तीन-चार जणांची साखळी लागते, मालकाला एकाच घरासाठी पाच फोन जातात आणि मालक वैतागून मूळ दलालालाच बोल लावतो. अशा दलालाने उत्तर दिलं नाही, तर तो गप्प बसून आपली पुंजी राखत असतो. त्याला मी दोष देणार नाही.

इथे कायदा मदतीला येतो, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. स्थावर संपदा अधिनियम, म्हणजे रेरा, २०१६ चा. त्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाचं, महारेराचं, काम मे २०१७ मध्ये सुरू झालं. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकून द्यायचं तर एजंटाची नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. हे फार चांगलं झालं. माझ्या प्रत्येक संदेशाच्या पहिल्या ओळीत माझा रेरा नंबर असतो, कारण समोरच्याला निदान मी कोण ते तपासता येतं. पण जुन्या सोसायटीतलं पुनर्विक्रीचं घर, भाड्याचं घर, हे सगळं त्या कायद्याच्या बाहेर राहतं, आणि माझ्या ग्राहकांना बहुतेक वेळा हवं असतं ते हेच घर. दलाली किती घ्यायची आणि दोन दलालांनी ती कशी वाटायची, हेही कायदा सांगत नाही. आपल्या बाजारात त्यासाठी एक शब्द आहे, 'साइड बाय साइड' : मालकाकडून येईल ते तुझं, गिऱ्हाइकाकडून येईल ते माझं. हा सगळा व्यवहार शब्दावर चालतो.

अमेरिकेत दलालांची सामायिक यादी असते, मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस. घर यादीत टाकतानाच, दुसऱ्या दलालाने गिऱ्हाईक आणलं तर त्याला किती टक्के, हा आकडा तिथे लिहिलेला असायचा. न्यायालयातल्या तडजोडीनंतर ऑगस्ट २०२४ पासून तो यादीत लिहायचा नाही असं ठरलं. आता वाटा बाहेर बोलून ठरतो. पण कितीतरी दशकं तिथला दलाल अनोळखी दलालाला घर दाखवत आला, कारण कुणाला काय मिळणार हे आधी लिहिलेलं होतं. आपल्याकडे तशी यादी नाही. तेव्हा ते लिहून देण्याचं काम कुणीतरी एकाने पुढे होऊन करायला हवं. पुढे होतो त्यालाच मूर्ख म्हणतात.

म्हणून आता मी चाळीस जणांना लिहीत नाही. एका भागात चार-पाच जण निवडते आणि आधी चालत जाते. नंतर जो संदेश जातो त्यात घर कुणासाठी, पैसे कुठून येणार, कर्ज मंजूर झालंय का, निर्णय कोण घेणार, सगळं असतं. पत्ता मागत नाही. 'मालकाची बाजू तुमची, मालकाशी मी परस्पर बोलणार नाही,' हे वाक्य मात्र असतं, आणि ते लेखी असतं, उद्या माझ्याविरुद्ध दाखवता यावं म्हणून. शेवटी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' देता येईल : असं काही तुमच्या किल्ल्यांत आहे का? घर पसंत पडलं नाही तर त्याच संध्याकाळी 'नको' कळवते, कारणासकट. दलालाला नकाराचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते गिऱ्हाईक गायब होण्याचं, कारण मग तो मालकाला काय सांगणार? आणखी एक मूर्खपणा मी करते : मला उपयोग नसलेली बातमी त्याला फुकट देते. अमुक इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मुलाकडे चालल्यात, बघा. इतकं केल्यावर उत्तर येतंच असं नाही. येतं तेव्हा ते खरं असतं.

खरं उत्तर म्हणजे काय, ते सांगते. टोरांटोतल्या एका मुलाच्या आईवडिलांसाठी मी घर शोधत होते, वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. संकेतस्थळावर एक घर दिसलं : दुसरा मजला, लिफ्ट आहे, फोटो सुंदर. मुलाने तिकडूनच पसंत केलं होतं. ते गाळ्यातल्या काकांकडचं नव्हतं, पण मी त्यांना विचारलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लिफ्ट आहे, पण मागाहून बसवलेली आहे. अर्ध्या जिन्यावर थांबते. पुढे नऊ पायऱ्या." मी जाऊन मोजल्या. नऊच होत्या, आणि कठडा एकाच बाजूला. हे कुठल्या फोटोत येत नाही, कुठल्या रकान्यात लिहायची सोय नाही. ते फक्त त्या जिन्यावरून शंभर वेळा गिऱ्हाईक नेलेल्या माणसाच्या पायांना माहीत असतं. त्या माणसाने आपल्याशी बोलावं म्हणून दहा वेळा उन्हातून जावं लागलं तरी जावं.

या मूर्खपणाची किंमत मोजावी लागते, हेही सांगितलं पाहिजे. याच काकांनी दाखवलेलं एक घर माझ्या दुसऱ्या एका ग्राहकाला आवडलं. काका कुलपाची दुसरी किल्ली आणायला खाली गेले, तेवढ्यात मालकाने आपलं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "यांना कशाला मध्ये घेता? सरळ आपण बोलू, मी लाखभर कमी करतो." ग्राहकाला मी हे कळवलं, कारण त्याच्यापासून लपवणंही बरोबर नव्हतं, आणि मी तसं करणार नाही हेही कळवलं. त्याने मला स्पष्ट विचारलं, तुम्ही माझ्या बाजूच्या की दलालाच्या? लाख रुपये त्याच्या कष्टाचे होते, प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, तुमच्या बाजूने शब्द दिला तो मीच, तो मोडता येणार नाही. त्याने माझ्याकडचं काम काढून घेतलं. संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं, कार्डासकट. ते फक्त "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्या रात्री झोप लागली नाही. महिन्याचा हिशेब डोळ्यांसमोर होता. तरी तेच पुन्हा करीन.

टोरांटोकराच्या आईवडिलांसाठी घराचा शोध चालूच होता. तळमजले ओलसर निघत होते, नवी घरं बजेटच्या पुढे जात होती. दीड महिन्याने रात्री साडेनऊला काकांचा संदेश आला. मी काही विचारलं नव्हतं.

"पोस्टमनची किल्ली मोकळी झाली," असं लिहिलं होतं. खाली इमारतीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर, मालकाचं पूर्ण नाव. आणि शेवटची ओळ : "लिफ्ट मजल्यावरच थांबते. आत्ता जाऊन बघून आलो."